मान-पाठ ‘सेट’ करून घेताना आणि देताना या चुका टाळा

हल्ली रोज कुणी ना कुणी टेबलवर झोपायच्या आधी मोबाइल पुढे करतं. रीलमध्ये कुणीतरी पालथं पडलेलं, पाठीला माइक चिकटवलेला, आणि कडाकड आवाज. ‘मॅडम, हे करता का?’ करते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. मणक्यांचं मॅनिप्युलेशन, म्हणजे अडलेल्या सांध्याला हाताने नेमका झटका देणं, ज्याला लोक सरसकट कायरोप्रॅक्टिक म्हणतात, ते माझ्या रोजच्या कामातलं आहे आणि योग्य पेशंटला त्याचा उपयोग होतो हे मी पाहत आले आहे. पण त्याच त्या चुका इतक्यांदा समोर येतात की आता एकदा लिहूनच टाकते. यातल्या काही पेशंटच्या आहेत, काही आमच्याच व्यवसायातल्या नव्या पोरापोरींच्या.

आधी झटका, मग चौकशी

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. तासगाव भागातले एक टेम्पोचालक आले होते. चाळिशीतले, सोबत मंडळी. बरगड्या संपतात त्या पातळीवर पाठ दुखत होती, काही महिने झाले होते. द्राक्षाच्या हंगामात क्रेट उचलताना उसण भरली असणार असं घरात सगळ्यांनी धरून चाललेलं. आधी गावातल्या पायाळू माणसाची लाथ पाठीवर घेऊन झाली. मग एका शिबिरात कुणीतरी पाठीवर झटके दिले, तेही एकदा नव्हे. दर वेळी आवाज आला, अर्धा दिवस हलकं वाटलं आणि दुसऱ्या दिवशी दुखणं आणखी वाढलं. माझ्याकडे आले ते ‘तेवढं शेवटचं नीट बसवून द्या’ एवढ्यासाठी.

मी विचारलं, ‘दादा, रात्री दुखून जाग येते का?’ येते म्हणाले. कूस बदलली की थांबतं का? नाही थांबत. ताप वगैरे? ‘छे, ताप कुठला.’ तेवढ्यात स्टुलावर बसलेल्या वहिनी बोलल्या, ‘अवो, न्हाई काय म्हंता? रोज दिवेलागणीला अंग कसकसतंय म्हणून चादर घेऊन बसताय की. आन् पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलीत, ते सांगा की डॉक्टरास्नी.’

मी त्यांना शर्ट काढायला सांगितला. मुठीने एकेक मणका हलकेच ठोकत खाली आले. एका मणक्यावर मूठ टेकली आणि त्यांनी श्वासच रोखला. तोच मणका बोटाला जरा पुढे आलेला लागत होता. मग जमिनीवर रुपयाचं नाणं टाकलं आणि उचला म्हटलं. कंबरेत वाकायचं सोडून ते गुडघ्यात बसले, पाठ काठीसारखी ताठ ठेवून नाणं उचललं, आणि मांडीवर हात रोवत रोवत उभे राहिले.

मी त्यांच्या पाठीला पुन्हा हात लावला नाही. एक्स-रे, एमआरआय, मग सुईने तुकडा काढून तपासणी. मणक्याचा क्षयरोग निघाला. दोन मणके आणि मधली गादी पोखरलेली, पू मज्जारज्जूच्या जवळ साठलेला. अशा पोखरलेल्या हाडावर कुणीतरी दोन्ही तळहात ठेवून अंगाचा भार टाकत होतं. एखादा झटका वेडावाकडा बसता तर पाय कायमचे लुळे पडू शकले असते. पुढे सरकारी योजनेतली मोफत औषधं वर्षभर चालली, पट्टा लागला, ऑपरेशन टळलं. आज ते टेम्पो चालवतात.

आपल्या देशात पाठीवर हात ठेवणाऱ्याने क्षयरोग डोक्यात ठेवलाच पाहिजे. त्यासाठी खोकला असायला हवा असं मुळीच नाही. याशिवाय विचारायचं ते असं: वजन कारण नसताना उतरलंय का, आधी कधी कॅन्सर झाला होता का, स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस घेतल्यात का, रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का. पाळी गेलेल्या बाईला ‘न्हाणीत घसरला होता का’ हे मुद्दाम विचारावं, कारण ठिसूळ मणका नुसत्या तेवढ्यानेही दबतो. आणि लघवी तुंबली असेल, किंवा बसण्याच्या जागेला बधिरपणा आला असेल, तर फिजिओ नको, कायरोप्रॅक्टर नको, त्याच दिवशी हॉस्पिटल. कंबरेखालच्या नसांचा जुडगा दबला की त्यात तासांना किंमत असते.

पहिल्या भेटीत मी झटका देत नाही. हा कुठल्या पुस्तकातला नियम नाही, माझा आहे. पेशंट नाराज होतात, ‘एवढ्या लांबून आलो आणि नुसतं बोलणंच झालं’ म्हणतात. म्हणू देत. ज्या दुखण्याला आजचा झटका हवा असतो, त्याला परवाचाही चालतो.

आवाजामागे धावणं

कडक असा आवाज आला म्हणजे हाड जागेवर बसलं, ही समजूत काही केल्या जात नाही. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. दोन पृष्ठभाग झटकन दूर गेले की आतला दाब पडतो आणि त्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, तेव्हा आवाज येतो. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या चमूने एमआरआय चालू ठेवून बोटं ओढली आणि ही पोकळी होताना प्रत्यक्ष टिपली. एकदा आवाज आला की साधारण वीसेक मिनिटं तो सांधा पुन्हा वाजत नाही. शिवाय ज्या मणक्यावर नेम धरला त्याऐवजी शेजारचाच सांधा वाजणं हेही नेहमीचंच. तेव्हा आवाजावरून उपचार जमला की फसला हे ठरत नाही. मी झटक्यानंतर पेशंटला उठवून तीच हालचाल करायला लावते जी आधी अडत होती. मान मागे वळवून दुचाकीचा आरसा न पाहता मागची गाडी दिसते का? दिसली तर काम झालं, मग आवाज आलेला असो वा नसो.

आवाज नाही आला म्हणून त्याच जागी दुसरा, तिसरा, आणखी जोराचा झटका देणारे तरुण मी पाहिलेत. यात घाईशिवाय दुसरं कारण नसतं. पेशंटही ‘अजून नाही वाजलं’ म्हणून भरीला घालतात. तिथे थांबता आलं पाहिजे.

आणि मान. सलूनमध्ये दाढी-मालिश झाल्यावर हनुवटी नि डोकं धरून इकडून कट्, तिकडून कट्. आमच्या घरातल्या पुरुषांना मी बजावून ठेवलंय की खुर्चीत बसतानाच सांगायचं, मानेला हात लावायचा नाही. मेंदूकडे जाणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या भोकांतून वर चढतात आणि सगळ्यात वरच्या मणक्याला वळसा घालून कवटीत शिरतात. मान वळते त्यातलं जवळपास निम्मं वळण याच वरच्या दोन मणक्यांमध्ये होतं. तिथे अचानक पीळ बसला तर धमनीचं आतलं अस्तर फाटू शकतं, त्यावर गुठळी धरते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात. हे क्वचित घडतं, खरं आहे. पण घडतं ते तिशी-चाळिशीतल्या धडधाकट माणसांतही. २०१७ मध्ये तर दिल्लीकडे सलूनमध्ये मान मोडून घेतलेल्या एका गृहस्थांच्या श्वासपटलाच्या नसेला इजा झाल्याची बातमी सगळ्या पेपरांत आली होती.

यात एक अवघड गोष्ट आहे आणि ती पुष्कळ थेरपिस्टनाही ठाऊक नसते. धमनीचं अस्तर आधीच फाटलेलं असेल तर त्याचं पहिलं लक्षण मान नि डोकं दुखणं हेच असू शकतं. म्हणजे पेशंट त्याच दुखण्यासाठी तुमच्याकडे येतो आणि तुम्ही त्याची मान पिळता. म्हणून माझा ठरलेला प्रश्न: ‘असं दुखणं याआधी आयुष्यात कधी झालं होतं का?’ ‘असं कधीच नव्हतं झालं’ हे उत्तर आलं की मान तशीच ठेवायची आणि डॉक्टरांकडे पाठवायचं. झटक्यानंतर एकदोन दिवस अंग आंबल्यासारखं दुखणं साधं आहे. पण भोवळ, एकाचे दोन दिसणं, जीभ जड होणं, गिळता न येणं, चेहरा किंवा हात बधिर होणं, चालताना एका बाजूला झोक जाणं, यातलं काहीही झालं तर लिंबूपाणी देऊन झोपवू नका. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं. सीटी स्कॅनची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा.

स्वतःच हनुवटी धरून मान मोडायची सवय असलेल्यांना एवढंच सांगते, सोडा. घट्ट झालेला सांधा त्यात सुटत नाही, आधीच मोकळा असलेला वाजतो, म्हणून तासाभराने पुन्हा मोडावीशी वाटते.

‘हाड सरकलंय’ यावर विश्वास ठेवणं

१८९५ साली अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर यांनी हार्वे लिलार्ड नावाच्या, ऐकू न येणाऱ्या सफाई कामगाराच्या पाठीवर दाब दिला आणि त्याला ऐकू येऊ लागलं असा दावा केला. कायरोप्रॅक्टिकची सुरुवात तिथून मानतात. सरकलेल्या मणक्यामुळे नसांचा प्रवाह अडतो आणि बहुतेक आजार त्यातूनच होतात, असं पामर यांचं म्हणणं होतं. त्याला ते सबलक्सेशन म्हणत. सव्वाशे वर्षांत हे म्हणणं टिकलेलं नाही. खुद्द ब्रिटनच्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलने २०१० मध्ये सांगून टाकलं की ही ऐतिहासिक कल्पना आहे, आणि सबलक्सेशनमुळे रोग होतात असा दावा करण्याजोगा संशोधनाचा पुरावा नाही. १९९८ च्या एका अभ्यासात माकडहाडाजवळच्या सांध्याची जागा झटक्याआधी आणि नंतर अतिशय बारकाईने मोजली, ती तसूभरही बदललेली नव्हती.

मग बरं का वाटतं? स्नायूंची पकड सैल होते, वेदनेची जाणीव काही काळ कमी होते, अडलेली हालचाल सुटते. ही मिळकत खरी आहे आणि मला तिचा आदर आहे. २०१९ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात ४७ चाचण्या एकत्र करून पाहिलं तेव्हा जुनाट कंबरदुखीत मॅनिप्युलेशनचा गुण व्यायामासारख्या मान्य उपचारांइतकाच आला. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत जुनाट कंबरदुखीसाठी त्याला सशर्त जागा दिली आहे. म्हणजे कंबरदुखीत वापरायचं एक साधन. थायरॉइड, दमा, मधुमेह, मुलाचं अंथरूण ओलं करणं हे पाठ दाबून बरं करतो म्हणणाऱ्याच्या दारातून परत फिरा. तान्ह्या बाळाच्या मानेला तर कुणालाही झटका देऊ देऊ नका, अगदी ओळखीतला असला तरी.

शनिवार-रविवारचा कोर्स, सोमवारी बोर्ड

जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये कायरोप्रॅक्टिकच्या पूर्ण शिक्षणासाठी किमान ४२०० तास आणि त्यातले १००० तास देखरेखीखाली पेशंट हाताळण्याचे, असं प्रमाण घालून दिलं. आपल्याकडे कायरोप्रॅक्टिकसाठी वेगळी नोंदणी परिषद नाही, त्यामुळे कुणीही उठून बोर्ड लावतो. पेशंटने निदान एवढं विचारावं की मूळ शिक्षण काय आणि नोंदणी कुठली. राज्याच्या फिजिओथेरपी परिषदेचा नोंदणी क्रमांक मागितल्यावर जो चिडतो, त्याच्याकडे मान देऊ नये.

नव्या मुलांना झटका शिकायची इतकी घाई असते की हात तयार व्हायच्या आधीच जोर तयार असतो. झटक्यात लागतो तो वेग, आणि हात सरकतो अगदी थोडा. सांध्यातली ढिलाई आधी हळूहळू संपवायची, तिथे थांबायचं, मगच. मी त्या शेवटच्या स्थितीत काही सेकंद थांबते आणि पेशंटच्या चेहऱ्याकडे बघते. कपाळाला आठी पडली, डोळे मिटले, श्वास अडला तर हात काढून घेते. टेबल उंच असेल तर खांद्याने ढकललं जातं आणि नेम चुकतो, म्हणून ते माझ्या गुडघ्याच्या जरा वर इतकं खाली घेते. आणि सहा महिने नुसतं बोटांनी मणके मोजायची सवय करा. डोळे मिटून एल-४, म्हणजे कंबरेचा चौथा मणका, सापडत नाही तोवर त्यावर काही करायची गरज नाही.

उरलेल्या चुका, थोडक्यात

‘मणक्यात गॅप आहे’ हे ऐकून घाबरणं. काहीच दुखत नसलेल्या लोकांचे स्कॅन तपासले तेव्हा विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत झिजलेली गादी दिसली होती. रिपोर्ट माणसाशेजारी ठेवून वाचायचा असतो.

तीस सिटिंगचं पॅकेज आगाऊ घेणं. चार-पाच वेळांत फरक नाही तर मी निदानच पुन्हा तपासते. आगाऊ पैसे भरलेला पेशंट गुण नसला तरी येत राहतो, आणि ते मला पटत नाही.

मान पट्ट्याने ओढून देणारे व्हिडिओ बघून घरी भावाकडून तसं करून घेणं. नको.

झटका घेऊन व्यायाम न करणं. मोकळी झालेली हालचाल त्याच दिवशी वापरात आणली नाही तर दोन दिवसांत पाठ पुन्हा होती तशी. मी पेशंटला टेबलवरून उतरवून लगेच दहा मिनिटं चालायला लावते आणि दोन व्यायाम देते, दोनच, कारण सहा दिले की एकही होत नाही. पुढच्या वेळी आल्यावर आधी ते दोन करून दाखवायला सांगते. विसरलेले असतील तर त्या दिवशी आधी व्यायाम शिकवते, झटक्याचं नंतर बघते.