बर्फाच्या पेटीतून घरचा सोडा: नागपुरी उन्हात या चुका टाळा

पहिला ग्लास फेसाचा, दुसराही फेसाचा, आणि तिसऱ्याला पाहुणा म्हणतो, "राहू द्या भाऊ, पाणीच द्या." केगमधून (पेय दाबाखाली भरून ठेवायच्या स्टीलच्या पिंपातून) थेट ग्लासात सोडा देणारी पेटी घरी बनवली की बहुतेकांची तक्रार हीच असते. मग पेटीला नावं ठेवली जातात. दोष मात्र बहुतेक वेळा केगचा असतो.

पेटी म्हणजे साधा आइसबॉक्स. आत स्टीलच्या नळीची लांब कॉइल, म्हणजे वेटोळं, बाहेर टॅप. केग बाजूला उभा, त्यावर सिलिंडरमधून येणाऱ्या सीओटूचा (कार्बन डायऑक्साइड वायूचा) दाब, आणि पेय कॉइलमधून जाता जाता गार होतं. अमेरिकेत घरी बिअर करणारे याला जॉकी बॉक्स म्हणतात. आपल्याकडे परवान्याशिवाय घरी बिअर करणं महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणे गुन्हा आहे, म्हणून इथे आलं-लिंबाचा सोडा धरून बोलू. तसेही ते १९ लिटरचे उंच स्टीलचे केग मुळात कोल्ड्रिंकसाठीच बनले होते.

गरम केग लावणे

ही सगळ्यात मोठी चूक, आणि नागपुरात तर हमखास होणारी. केग सकाळी लॉनवर आणून ठेवला, दुपारी आतला सोडा ४० अंशांवर गेला, तरी "पेटीत बर्फ आहे ना" म्हणून सगळे निवांत. हिशेब करून बघा. १९ लिटर पाणी ४० वरून ४ अंशांवर आणायला साडेआठ किलोच्या आसपास बर्फ नुसता वितळून जातो. पेटीत शिरणारी उष्णता त्यात धरलेलीच नाही. तोच केग रात्रभर फ्रिजमध्ये राहून १० अंशांवर निघाला, तर दीड किलोत काम भागतं.

बर्फापेक्षाही भानगड वायूची आहे. सोडा जितका गरम, तितका वायू त्यात टिकायला दाब जास्त लागतो. एका लिटरमध्ये अडीच लिटर वायू मुरवला असेल, तर ४ अंशांना सुमारे १० पीएसआय (हे दाबाचं माप) पुरतात, ४० अंशांना पन्नासच्या वर लागतात. दाब त्याहून कमी पडला की वायू नळीतच सुटतो आणि टॅपातून फेस येतो. आणि फेस दिसला की आपण काय करतो? रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरवरची दाब कमी-जास्त करायची कळ, आणखी कमी करतो! धार मंदावते, फेस वाढतो.

खात्री करायची असेल तर केग आणि पेटी यांच्यामधली पारदर्शक नळी बघा. धार चालू असताना नळी काचेसारखी स्वच्छ दिसली पाहिजे. त्यात बारीक बुडबुड्यांची माळ पळताना दिसली, तर केग गरम आहे किंवा दाब कमी आहे. तिथे स्वच्छ आणि ग्लासात फेस, असं असेल तर टॅप तापलेला आहे किंवा कोणीतरी तो अर्धवट उघडतोय. टॅप नेहमी पूर्ण उघडायचा. फक्त पहिल्याच ग्लासात फेस येत असेल तर तो ओतून द्या आणि पुढे चला, त्यात काही बिघडलेलं नसतं.

लांब कॉइल असेल तर केग गार असूनही २५ ते ३० पीएसआयपासून सुरुवात करावी लागते, कारण कॉइलच पेयाला अडवते. कार्यक्रम आटोपला की दाब उतरवा, नाहीतर उरलेल्या सोड्यात वायू नको तितका मुरतो.

ओलं गोणपाट चुकीच्या जागी

ओलं कापड गुंडाळलं की वस्तू गार होते, हे नागपूरकराला शिकवायला नको. अख्खा उन्हाळा आपण कूलरच्या ओल्या ताट्यांवरच काढतो. पण त्या युक्तीला मर्यादा आहे. कोरड्या मे महिन्यातही ओलं कापड विशीच्या खाली फारसं जात नाही. म्हणजे ६ अंशांच्या केगवर ते टाकलं, तर केग गार राहायच्या ऐवजी तापायलाच मदत होते. केगला कोरडी जाड गोधडी गुंडाळा, नाहीतर तो बर्फ-पाण्याच्या टबात उभा करा.

ओलं गोणपाट सिलिंडरसाठी ठेवा. सीओटूचा सिलिंडर ३१ अंशांच्या वर गेला की आत द्रव उरत नाही आणि दाब भराभर चढतो. उन्हात उभ्या गाडीत तो ठेवला तर सुरक्षा चकती (दाब फार वाढला की फुटून वायू बाहेर सोडणारी) फुटू शकते. बंद गाडीत गळती झाली तर जीवाशी खेळ, म्हणून नेताना काचा खाली हव्यात. सिलिंडर उभाच ठेवायचा; आडवा केला की द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो. सिलिंडरच्या काट्यावर विसंबू नका, आत द्रव असेपर्यंत तो जवळजवळ हलत नाही. किती गॅस उरला, ते वजन करून कळतं.

पेटीच्या आतल्या गोष्टी

नुसता बर्फ टाकला तर कॉइलभोवती हवेच्या पोकळ्या राहतात. बर्फ बुडेल इतकं पाणी हवंच. कॉइलऐवजी थंड प्लेट (आतून पेयाच्या नळ्या गेलेली धातूची जाड पाटी) वापरत असाल तर उलटं: बर्फ प्लेटवर टेकलेला हवा आणि पाणी सतत काढून टाकायचं.

कुल्फीवाल्यासारखं मीठ घालायचा मोह आवरा. पाणी शून्याखाली जातं, आणि दोन ग्लासांमध्ये खंड पडला की सोडा कॉइलमध्येच गोठतो. धार अचानक पूर्ण थांबली तर आधी हाच संशय घ्या. पेटीत तांब्याभर साधं पाणी ओता, थोडं थांबा.

एसीवाल्याकडची तांब्याची नळी स्वस्त पडते, वाकतेही छान. ती घेऊ नका. सोडा आणि लिंबू दोन्ही आंबट, तांबं त्यात उतरतं आणि उलट्या होतात. स्टीलच, ३०४ दर्जाचं.

कारखान्याची बर्फाची लादी पेटीत चालेल, ग्लासात नाही. खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला निळसर रंग द्यायचा नियम २०१८ पासून आहे. लादी आणताना तेवढं बघून घ्या.

संत्र्याचा सोडा करायचा हट्ट असेल तर मृग बहराची फळं फेब्रुवारी-मार्चमध्येच मिळतात. रस मलमलीतून दोनदा गाळा, गर टॅपात अडकतो. नागपुरी संत्र्याचा रस ठेवला की कडवट होतो, म्हणून आदल्या दिवशी काढून ठेवू नका. माझं मत विचाराल तर केगसाठी आलं-लिंबूच बरं.

धुणं त्याच रात्री. साखरेचा थर कॉइलमध्ये वाळला की दुसऱ्या वेळी पहिल्या घोटातच वास येतो. आधी कोमट पाणी, मग अल्कलाइन क्लीनर, पुन्हा पाणी, आणि शेवटी वायूच्या दाबाने कॉइल कोरडी फुंकून घ्या.