सीबीसी नॉर्मल, मग टीबी कसा असेल? या चुका टाळा

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी कणकण, उतरलेलं वजन. सीबीसीत, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या तपासणीत, पांढऱ्या पेशी ७,८००. ‘पेशी वाढल्या नाहीत, म्हणजे इन्फेक्शन नाही’ असं समजून माणूस खोकल्याची बाटली घेऊन तालुक्याहून परत येतो. पहिली चूक इथेच होते.

पू करणाऱ्या जंतूंवर न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तुटून पडतात आणि रक्तातला आकडा चढतो. टीबीत तसं होईलच असं नाही. फुफ्फुसातल्या मॅक्रोफेज पेशी जंतू गिळतात, पण त्याला पचवणारे रस त्याच्यापर्यंत पोचू नयेत अशी सोय तो करतो आणि त्याच पेशीत वाढत राहतो. टी-लिम्फोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशींना त्याची ओळख पटून त्या तिथे पोचायला २ ते ८ आठवडे जातात. मग मधे मॅक्रोफेज, भोवती लिम्फोसाइट अशी गाठ बांधून त्या जंतूला कोंडतात. ही सगळी झुंज फुफ्फुसात चालते, दंडातून काढलेल्या रक्तात ती दिसतेच असं नाही. म्हणून ४,००० ते ११,००० च्या आतला आकडा टीबी नाकारत नाही. वाढलेला ईएसआरही (रक्तातल्या लाल पेशी खाली बसण्याचा वेग) टीबी सिद्ध करत नाही.

निदान होतं ते बेडक्यावरून. इथेही नमुना बिघडतो: डबीत नुसती लाळ येते. सकाळी चहाच्या आधी साध्या पाण्याने चूळ भरा, दोन-तीन खोल श्वास घ्या, छातीतून खोकून २ ते ५ मिली बेडका काढा. मायक्रोस्कोपखाली पांढऱ्या पेशी भरपूर दिसल्या तर तो छातीतला; तोंडाच्या आतल्या चपट्या पेशीच दिसल्या तर ती लाळ. लाळेचा नमुना सीबीनॅटला (टीबीच्या जंतूची जनुकं शोधणारी चाचणी) पाठवून ‘निगेटिव्ह’ आलं तरी त्याला अर्थ नाही.

मांटूची, म्हणजे टीबीच्या त्वचेवरच्या चाचणीची, सुई टोचल्यावर लालीवरून अंदाज बांधू नका. ४८ ते ७२ तासांत बोटाने चाचपून कडक फुगवटा आडवा मोजायचा. लाली मोजायची नाही. १० मिमी किंवा जास्त म्हणजे लिम्फोसाइटनी हा किंवा याच्यासारखा जंतू बहुधा पूर्वी पाहिलाय, एवढंच. आजार आत्ता चालू आहे की नाही, ते त्यातून कळत नाही. कुपोषण किंवा एचआयव्ही असेल तर आजार असूनही फुगवटा येईलच असं नाही.

सगळ्यात महागात पडते ती सांधेदुखीवरची ‘जादूची गोळी’. तिच्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. रोज १५ मिग्रॅ प्रेडनिसोलोन महिनाभर घेतलं की गाठ राखणाऱ्या पेशी ढिल्या पडतात, कोंडलेला जंतू सुटू शकतो. गोळीचं नाव माहीत नसेल तर पाकीटच डॉक्टरांना दाखवा. खडी क्रशरवरच्या कामगारांचं आणखी वेगळं: दगडाची बारीक धूळ मॅक्रोफेजनाच मारते.

टीबीने मानेत गाठ आली असेल तर औषध सुरू झाल्यावर ती कधीकधी उलट फुगते. पेशी पुन्हा जोरात कामाला लागल्याने असं होऊ शकतं. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, पण दाखवा नक्की, कारण औषधाला दाद न देणारा जंतूही असू शकतो.

दोन महिन्यांत भूक लागते, खोकला थांबतो. गाठीतले संथ जंतू मात्र उरलेले असतात. साधा कोर्स ६ महिन्यांचा असतो तो त्यांच्यासाठीच. ऊसतोडीला निघायचं असेल तर टोळीची गाडी निघण्याआधी आरोग्य केंद्रात जाऊन निक्षय क्रमांक (टीबीच्या सरकारी नोंदीतला तुमचा क्रमांक) लिहून घ्या आणि कारखान्याचा तालुका सांगा, म्हणजे गोळ्या तिकडच्या केंद्रातून मिळतील.