सिंगापूरला निघताय? आधी ते अडीच तास लिहून ठेवा

पासपोर्टला सहा महिने शिल्लक हवेत, हे सगळ्यांना माहीत असतं. भारतीय पासपोर्टला व्हिसा आधीच काढून घ्यावा लागतो, तोही एजंट सांगतोच. मी बोलणार आहे ते घड्याळाबद्दल.

मुंबई ते सिंगापूर सरळ विमानाने साधारण 3,900 किलोमीटर, साडेपाच तास. गेल्या खेपेला मी एवढंच धरून बसले. रात्री 10:50 ला उड्डाण, म्हणजे पहाटे 4:20 ला पोचणार. साडेसातची मलेशियातल्या मलाक्काची बस काढून ठेवली, वर आईला म्हटलं, निवांत चहा घेऊ. पण सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे! उतरलो तेव्हा तिथे 6:50 झाले होते. फोन फ्लाइट मोडवर, त्यात 4:20. फेब्रुवारीत तिथे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे खिडकीबाहेरही काळोख. शंका यायला जागाच नव्हती. इमिग्रेशनच्या रांगेत फोन चालू केला तेव्हा कळलं. बस गेली, पैसे गेले, आणि आईचं ते गप्प बसणं.

म्हणून निघण्याची वेळ, अधिक साडेपाच, अधिक अडीच. कागदावर लिहा. खरं तर बेरीज करूच नका, तिकिटावर उतरण्याची वेळ तिथलीच छापलेली असते, ती वाचा. मी वाचली नव्हती. पुढची बस, टॅक्सी, हॉटेल, सगळं त्या वेळेवरून ठरवा. (1982 आधी हा फरक दोनच तासांचा होता, मग त्यांनी घड्याळ अर्धा तास पुढे केलं. आपल्या नशिबी अडीच.)

मध्यरात्रीनंतरचं विमान असेल तर तारीख दोनदा बघा. 15 तारखेचं 00:30 म्हणजे 14 च्या रात्री घर सोडायचं.

एसजी अरायव्हल कार्ड (सिंगापूरला शिरताना लागणारा सरकारी फॉर्म) ऑनलाइन भरायचं, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. फुकट असतं. पैसे मागणारी साइट दिसली तर ती बंद करा आणि सरकारी शोधा.

विमानात शाल, मोजे. च्युइंग गम आणि व्हेप नेऊ नका, तिथे दोन्हीवर बंदी आहे. आपली गोल पिन तिथे चालत नाही, तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर घ्या. सकाळी पोचलात तर हॉटेलची खोली बहुधा दुपारी मिळेल. बॅगा तिथे टाका आणि फिरा.

विमानात बसल्या बसल्या हातातलं घड्याळ अडीच तास पुढे करा. तिथे उतरल्यावर नाही, बसल्या बसल्या.

परतताना उलटं. रात्री 8 ला निघून 11 ला मुंबई दिसेल, तीन तासांचा प्रवास वाटेल. तीन नाही, साडेपाचच. जेवण घ्या. न्यायला येणाऱ्याला 11 सांगा, दीड नाही.