तालमीच्या स्मरणिकेत जुन्या खेळाडूवर लिहायचंय? आधी जॉनी युनायटसवर हात बसवा

कोल्हापुरात तालमीच्या फुटबॉल संघाच्या स्मरणिकेसाठी लिहायला पोरं येतात, तेव्हा मी त्यांना सुरुवातीला पेठेतला खेळाडू देत नाही. त्याच्याबद्दल घरी इतकं ऐकलेलं असतं की कागदावर नुसतं कौतुक उतरतं. म्हणून परका माणूस देतो: जॉनी युनायटस, बाल्टिमोर कोल्ट्सचा क्वार्टरबॅक. शाहू स्टेडियमवर वाढलेल्याला अमेरिकन फुटबॉलचं इतकं कळलं तरी भागतं: चेंडू घेऊन पळायचं किंवा तो फेकायचा, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं, आणि जवळजवळ प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होते.

पहिल्यांदा शोधायचं, त्याला कुणी नाकारलं. जन्म १९३३, पिट्सबर्ग. लहानपणीच वडील गेले, आईनं कोळशाचा धंदा चालवला. १९५५ मध्ये गावच्याच स्टीलर्स संघानं निवडलं आणि हंगाम सुरू व्हायच्या आत काढून टाकलं. मग तो बांधकामावर राबला आणि ब्लूमफिल्ड रॅम्स या स्थानिक संघाकडून सामन्याला ६ डॉलर घेऊन खेळला. हे ६ डॉलर गाळून थेट विजेतेपदावर उडी मारलेलं टिपण मी परत करतो. उद्यमनगरात पाळी करून संध्याकाळी सरावाला येणारा खेळाडू ज्यानं पाहिलाय, त्याला तरी हे गाळावंसं वाटू नये.

१९५६ मध्ये कोल्ट्सनी घेतलं. मुख्य क्वार्टरबॅक जखमी झाला, युनायटस मैदानात उतरला, आणि शिकागो बेअर्सनी त्याचा पहिलाच पास मधेच पकडून त्यावर टचडाउन केला, म्हणजे चेंडू समोरच्या गोलरेषेपार नेला. हेही लिहायचं.

आकडा लिहिताना त्याच्या शेजारी त्या काळचे नियम लिहा. कारकिर्दीत पासांचे ४०,२३९ यार्ड. १९६० पर्यंत हंगामात सामने १२च असत, पुढं १४ झाले. पास झेलायला धावणाऱ्याला बचावपटूनं पाच यार्डांपलीकडं अडवायचं नाही, हा नियम १९७८ चा. युनायटस १९७३ नंतर खेळलाच नाही, म्हणजे या नियमाचा फायदा त्याला मिळालाच नाही. सलग ४७ सामन्यांत टचडाउन पास देण्याचा त्याचा विक्रम २०१२ मध्ये ड्रू ब्रीझनं मोडला.

आता एकच सामना निवडा आणि तो सविस्तर लिहा. सगळे सामने लिहायला गेलात तर यादी होते, माणूस दिसत नाही. मी २८ डिसेंबर १९५८ चा देतो: यांकी स्टेडियम, न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध अंतिम सामना. कोल्ट्स १४-१७ मागं, दोन मिनिटांच्या आसपास वेळ उरलेली, चेंडू आपल्याच १४ यार्डांच्या रेषेवर. तेव्हा चाली क्वार्टरबॅक स्वतः ठरवायचा. युनायटसनं पास झेलणाऱ्या रेमंड बेरीला लागोपाठ तीन पास दिले, मिळून ६२ यार्ड. सात सेकंद राहिले असताना स्टीव्ह मायरानं फील्ड गोल मारून, म्हणजे लाथेनं चेंडू खांबांमधून धाडून तीन गुण घेत, बरोबरी केली. जादा वेळेत ८० यार्डांची चढाई, शेवटचा यार्ड अ‍ॅलन अमिचीनं पळून काढला, २३-१७.

इथं बेरीचं नाव गाळलं तर टिपण खोटं ठरतं. सराव संपल्यावरही हे दोघं मैदानावर थांबून पास घोटवायचे. ते तीन पास त्यातून आलेत. आपल्याकडं गोल करणाऱ्याचं नाव पोस्टरवर येतं, पास देणारा विसरला जातो. त्याला शोधा, तो बहुतेक अजून त्याच पेठेत राहतो.

टिपण निवृत्तीपाशी थांबवू नका. १९६८ मध्ये कोपराला मार बसला होता. पुढं निवृत्तीनंतर युनायटसच्या उजव्या हाताची बोटं नीट काम करेनात. १९७९ मध्ये हॉल ऑफ फेम, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत नाव, २००२ मध्ये निधन. एवढं जमलं की वही घेऊन आपल्या खेळाडूकडं जा. गोल किती, हे नंतर विचारा. आधी विचारा: गुडघा कसा आहे, तेव्हा नोकरी कुठं होती, आणि पहिल्यांदा कुठल्या संघानं नको म्हटलं होतं.