लेकीकडं मेलबर्नला जाताना

खानापुरातनं निघताना हिनं बॅगेत संकेश्वरी मिरची, बेळगावचा कुंदा आणि परसातल्या कढीपत्त्याची डहाळी कोंबली. मी सगळं बाहेर काढायला लावलं. ऑस्ट्रेलियात वाळकी मिरची नि तांदूळ साठवलेल्या धान्याला लागणाऱ्या खापरा किड्याच्या भीतीनं बंद, कुंदा दुधाचा म्हणून, डहाळी ओली म्हणून. वाळक्या खोबऱ्याची वाटी तर इकडच्याच विमानतळावर अडते, तेलामुळं ती पेट घेऊ शकते.

शेतातल्या चपला नीट घासा. तळाच्या खाचेतली तांबडी माती मी दाभणानं टोकरून काढली, अर्धा तास गेला.

विमानात, सोबत काय आणलंय ते लिहून द्यायचं कार्ड देतात. खाण्याच्या प्रश्नापुढं बिनधास्त 'हो' लिहा. सांगितलं तर फार तर वस्तू जाते. लपवलं तर दंड.

कुंदा? सांबऱ्याच्या विमानतळाच्या वाटेवर गाडीतच संपवला.