सातला आत, चारला बाहेर

हिंजवडीतल्या नोकरीच्या ऑफर लेटरमध्ये 'फ्लेक्सी टायमिंग', म्हणजे येण्या-जाण्याची वेळ आपली आपण निवडायची सोय, असं वाचलं आणि मी फार विचार न करता हो म्हणाले. मुलगी तेव्हा तीन वर्षांची, घर चिंचवडला. सकाळी नऊला निघालं तर डांगे चौक, भूमकर चौक करत फेज टूला पोचायला तासाच्या वर जायचा. साडेसहाला निघालं की अर्ध्या तासाच्या आत गाडी पार्किंगमध्ये. म्हणून मी सात ते चार ही वेळ घेतली. अख्खा मजला रिकामा, पॅन्ट्रीतले दादा मशीनमध्ये दूध भरतायत आणि फोन शांत. डोकं लागणारं सगळं काम मी त्या दोन-तीन तासांत उरकायचे.

नोकरीला नव्याने लागणाऱ्यांना मी आधी हे सांगते, की फ्लेक्सी म्हणजे नेमकं काय ते एचआरला पहिल्याच आठवड्यात विचारा. कोअर अवर्स, म्हणजे सगळ्यांनी हजर असायलाच हवेत असे तास, कुठले? दारावर कार्ड स्वाइप करून नोंदले जाणारे तास रोजचे मोजतात की आठवड्याचे? जेवणाची वेळ त्यातून वजा होते का? घरून केलेलं काम धरतात का? आमच्याकडे हिशेब आठवड्याचा होता. मी तो महिन्याचा समजून चालले आणि अर्ध्या दिवसाची रजा कापली गेल्यावर मला ते कळलं.

त्याहून अवघड गोष्ट कुठल्याच पॉलिसीत लिहिलेली नसते. माझे मॅनेजर दहाला यायचे. मी सातला आलेली त्यांना कधी दिसायचीच नाही, चारला बॅग उचललेली मात्र रोज दिसायची. सहा महिन्यांनी रिव्ह्यूत 'उपलब्धता कमी' असा शेरा आला, तेव्हा मला रडू आलं होतं. मग रोज साडेनऊला, ते येण्याआधी, मी तीन ओळींचा मेल टाकायला लागले: काय झालं, काय अडलंय, चारपर्यंत काय होईल. कॅलेंडरवरही वेळ लिहून ठेवली. पुढच्या रिव्ह्यूत तो शेरा नव्हता. तुम्ही लवकर येणार असाल तर हे पहिल्या दिवसापासून करा.

आमचा क्लायंट जर्मनीचा. त्यांच्या अकराची रोजची मीटिंग उन्हाळ्यात आपल्याकडे अडीचला असायची. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. सोमवारी तीच मीटिंग साडेतीनला आली आणि लांबत पाचला संपली. भूमकर चौकात अडकून मी पाळणाघरात पोचले तेव्हा साडेसहा वाजले होते. बाकीची मुलं गेलेली. लेक पाठीला दप्तर लावून, बूट घालून पायरीवर बसलेली होती आणि काकू तिच्याशेजारी बसून मेथी निवडत होत्या. काकू काहीही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी मीटिंगमध्ये सरळ सांगितलं, की हिवाळ्यात आपण तुमच्या दहाला भेटू या का? पाच मिनिटांत ठरलं. त्या लोकांना यात नवल काहीच वाटलं नाही. फ्लेक्सी टायमिंगची पद्धतच त्यांच्याकडची, 1967 मध्ये म्युनिकजवळ ओटोब्रुनच्या एका विमान कंपनीत सुरू झालेली, आणि कारण आपल्या हिंजवडीचंच: सगळे एकाच वेळी कामावर आले की फाटकापाशी गाड्या तुंबायच्या. विचारायला मी उगाच घाबरत होते.

अमेरिकेचा क्लायंट असेल तर घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात. तिथे कॉल रात्रीवर जातात. मुलींनी हे माहीत करून घ्यावं, की महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर कामावर थांबवायचं तर तुमची संमती लागते, आणि सुरक्षिततेची व घरी सोडायची सोय कंपनीने करायची असते. कॅब मागताना संकोच करू नका.

लेक आता पाचवीत आहे. माझी वेळ आठ ते पाच झाली आहे. साडेनऊचा मेल अजून जातो.