रडार + कॅमेरा फ्युजन: मॉडेलच्या आधी पॉइंट जागेवर बसवा

फ्युजन, म्हणजे रडार आणि कॅमेऱ्याची माहिती एकत्र जोडणं, करायला घेतलं की सगळे आधी मॉडेल शोधतात, पण माझं ऐका, पहिले दोन दिवस फक्त रडारचे पॉइंट (लाटा जिथून परत आल्या त्या जागा) फोटोवर टाकून बघण्यात घालवा. कॅमेऱ्याला समोर काय आहे ते कळतं, अंतराचा मात्र तो अंदाजच बांधतो. रडारला अंतर आणि वेग थेट मिळतो, पावसात आणि अंधारातसुद्धा, पण ती बस आहे की कठडा हे त्याला नीट सांगता येत नाही.

शिकायला न्यूसीन्स (nuScenes) डेटासेट घ्या, सेल्फ-ड्रायव्हिंगसाठी गाडीच्या सेन्सरनी रेकॉर्ड केलेला डेटा. बॉस्टन आणि सिंगापूरच्या रस्त्यांवरचा आहे, गाडीवर 6 कॅमेरे, 5 रडार. सुरुवातीला मिनी व्हर्जनचे 10 सीन बास.

आता पॉइंट फोटोवर आणायचा रस्ता: रडारवरून गाडीच्या फ्रेममध्ये (फ्रेम म्हणजे जागा कुठून मोजायची ती चौकट), तिथून ग्लोबल, म्हणजे नकाशाच्या स्थिर फ्रेममध्ये, मग फोटो निघाला त्या क्षणीच्या गाडीच्या फ्रेममध्ये, मग कॅमेरा आणि शेवटी पिक्सेल. मधलं ग्लोबल गाळू नका, कॅमेरा 12 हर्ट्झवर आणि रडार 13 वर चालतो त्यामुळे वेळा जुळतच नाहीत, आणि 60 च्या स्पीडला गाडी 50 मिलिसेकंदात 80 सेंटीमीटरच्या वर पुढे गेलेली असते. कोनाचंही तेच, 1 डिग्री चुकली की 50 मीटरवर पॉइंट जवळपास 87 सेंटीमीटर बाजूला, म्हणजे सायकलवाल्याचा पॉइंट शेजारच्या कारवर जाऊन बसतो.

या रडारला उंची कळत नाही. म्हणून प्रत्येक पॉइंटचा उभा खांब करा आणि कॅमेऱ्याने प्रत्येक वस्तूभोवती काढलेल्या 3डी बॉक्सच्या आसपास जे खांब येतील त्यातला आपल्या गाडीला सगळ्यात जवळचा त्या बॉक्सला जोडा. सेंटरफ्युजन (CenterFusion) नावाचं तयार मॉडेल साधारण हेच करतं, पहिल्या प्रयत्नाला ते उत्तम आहे.

वेग शून्य असलेले पॉइंट कचरा समजून सरसकट फेकू नका!! सिग्नलला थांबलेला ट्रक त्यातच असतो. डेव्हकिट (न्यूसीन्ससोबत मिळणारा पायथन कोड) स्वतःहूनही काही पॉइंट गाळतं, ते फिल्टर बंद करून एकदा दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघाच. आणि रडारचा वेग फक्त त्याच्या नजरेच्या रेषेतला असतो, समोरून आडवा रस्ता ओलांडणारा माणूस त्याला जवळजवळ उभाच दिसतो, तिथे कॅमेऱ्यावरच भिस्त.

शेवटी आधी नुसत्या कॅमेऱ्याचं मॉडेल ट्रेन करा, मग रडार जोडून, आणि रात्रीचे न् पावसाचे सीन वेगळे काढून वेगातली चूक किती कमी झाली ते बघा.